एका जनुकाचा ठावठिकाणा: पेशीपटलावरच्या सेरीन प्रोटिएजचा अभ्यास मोबाइलवर कसा करायचा

“मॅडम, आईला सहा महिने झाले लाल गोळ्या चालू हायेत. रक्त आठावरच हाये, वर सरकतच नाही. काऊन?”

बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीनं प्रॅक्टिकल संपल्यावर मला हे विचारलं. आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे आणि वर्गातल्या बऱ्याच मुली शेतमजुरांच्या घरातल्या आहेत. तिला मी आधी आईला डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. पण प्रश्न माझ्या मनात राहिला. गोळीतलं लोह आतड्यातून रक्तात जाऊ द्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या साखळीत एक जनुक असं आहे की ते बिघडलं तर गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही फारसा फरक पडत नाही. त्याचं नाव टीएमपीआरएसएस६. त्यापासून बनणारं प्रथिन म्हणजे यकृतातल्या पेशीच्या पटलात रुतून बसलेलं एक सेरीन प्रोटिएज. त्या मुलीचा वर्षाचा प्रकल्प त्याच जनुकावर झाला.

तेव्हापासून दरवर्षी तीन-चार विद्यार्थी पेशीपटलावरच्या सेरीन प्रोटिएजच्या कुटुंबातलं एकेक जनुक निवडतात आणि ते माणसाच्या कुठल्या ऊतीत काम करतं याचा शोध घेतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, कोणाचं रक्त काढावं लागत नाही. एक मोबाइल, दोनशे पानी वही, पेन्सिल आणि पंधरा-वीस तासांचं बसणं, एवढ्यावर काम होतं. लागणारी सगळी माहिती जगभरच्या संस्थांनी फुकट खुली ठेवली आहे. पांढरकवडा असो, अहेरी असो की देवरी, ती तुमचीही आहे. आमची कामाची पद्धत इथे पायरीपायरीनं लिहिते आहे.

सुरू करण्याआधी: हे प्रथिन आहे तरी काय

प्रोटिएज म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम. त्याला अडकित्ता समजा. सेरीन प्रोटिएजच्या पात्याच्या धारेवर तीन अमिनो आम्लं असतात: हिस्टिडीन, ॲस्पार्टिक आम्ल आणि सेरीन. प्रथिनाच्या लांब साखळीत ही तिघं एकमेकांपासून दूर असतात, पण साखळीची घडी पडली की शेजारी येतात. प्रत्यक्ष घाव सेरीन घालतं, म्हणून कुटुंबाला त्याचं नाव. पचनातलं ट्रिप्सिन आणि रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन याच कुटुंबातले, पण ते मोकळे फिरतात.

आपला विषय आहे तो पेशीपटलाला धरून राहणाऱ्यांचा. वावराच्या धुऱ्यावरची बाभूळ डोळ्यांसमोर आणा: मूळ आत, खोड धुऱ्यात, फांद्या पलीकडे. यातल्या बहुतेक प्रथिनांची सुरुवातीची शेपटी पेशीच्या आत असते, एक छोटा तुकडा पटलातून आरपार जातो आणि अडकित्ता बाहेरच्या टोकाला असतो. यांना टाइप टू ट्रान्समेम्ब्रेन सेरीन प्रोटिएज म्हणतात. माणसात अशी १७-१८ आहेत. त्यांचे चार गट पडतात: हेप्सिनचा, मॅट्रिप्टेजचा, कोरिनचा आणि श्वासनलिकेत सापडलेल्या हॅट नावाच्या प्रथिनाचा. प्रोस्टॅसिनसारखी काही प्रथिनं मात्र पटलातून आरपार जात नाहीत, ती जीपीआय नावाच्या चरबीच्या दोरीनं बाहेरून बांधलेली असतात.

आणखी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. हा अडकित्ता बनतो तेव्हा मिटलेला असतो. एका ठरावीक जागी साखळीला एक काप बसला की तो उघडतो. म्हणून “हे जनुक या ऊतीत आहे” असं वाक्य लिहिण्याआधी तीन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. जनुकाचा निरोप, म्हणजे आरएनए, तिथे आहे का? प्रथिन तिथे आहे का? आणि ते प्रथिन तिथे खरोखर कापतं का? मुलं इथेच सगळ्यात जास्त चुकतात. पहिल्याचं उत्तर मिळालं की तिन्ही सुटले असं धरून चालतात. हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येकासाठी वेगळा रकाना आखा.

पायरी १: नाव पक्कं करा

जनुकाची नावं ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिनं मान्य केलेलं नाव एकच असतं, पण जुन्या लेखांत तेच जनुक तीन-चार नावांनी भेटतं. टीएमपीआरएसएस६ चं प्रथिन म्हणजे मॅट्रिप्टेज-२. एन्टेरोपेप्टिडेज, जुनं नाव एन्टेरोकायनेज, याचं जनुक आज टीएमपीआरएसएस१५ आहे. आधी ते पीआरएसएस७ होतं, आणि टीएमपीआरएसएस७ हे आणखी वेगळंच जनुक आहे! एकदा एका मुलानं आठ दिवस चुकीच्या जनुकाचे आकडे उतरवले, ते याच सातच्या आकड्यामुळे.

एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या वेबसाइटवर जीन विभागात जा. सर्चच्या चौकटीत इंग्रजी मोठ्या लिपीत नाव टाका, अक्षरं आणि आकडा यांच्यात जागा सोडू नका, आणि सजीव म्हणून माणूस निवडा. उंदराचं जनुकही त्याच नावानं येतं, फक्त त्यात पहिलंच अक्षर मोठं असतं. पानावरून चार गोष्टी उतरवा: मान्य नाव, सगळी पर्यायी नावं, गुणसूत्रावरची जागा आणि जनुकाचा क्रमांक. टीएमपीआरएसएस६ गुणसूत्र २२ च्या लांब भुजेवर आहे. टीएमपीआरएसएस२, ३ आणि १५ ही तिन्ही गुणसूत्र २१ वर आहेत. कोरिन ४ वर, हेप्सिन १९ वर आणि मॅट्रिप्टेजचं जनुक एसटी१४ हे ११ वर.

पायरी २: पात्याची धार स्वतः मोजा

ही पायरी मला सर्वांत आवडते, कारण ती कागद-पेन्सिलनं होते. मुलांनी प्रथिनाची साखळी अक्षर मोजत वाचली की ते प्रथिन त्यांचं होतं.

युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीच्या वेबसाइटवर जनुकाचं नाव टाकून माणसाची नोंद उघडा. टीएमपीआरएसएस६ ची नोंद क्यू८आययू८० या क्रमांकाची आहे. तिथून साखळी फास्टा नमुन्यात, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या ओळींत, उतरवून घ्या. पहिली ओळ मथळ्याची, ती मोजायची नाही. त्याखाली प्रत्येक ओळीत ६० अक्षरं असतात, एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल. टीएमपीआरएसएस६ ची लांबी ८११, म्हणजे १३ पूर्ण ओळी आणि चौदाव्या ओळीत ३१ अक्षरं. हा हिशेब जुळला नाही तर नोंद चुकीची उघडली आहे.

आता शोधा. दहाव्या ओळीतलं ३६ वं अक्षर, म्हणजे ५७६ वं, आर असेल, म्हणजे आर्जिनीन. त्याच्या पुढे आय-व्ही-जी-जी अशी अक्षरं येतात. अडकित्ता उघडणारा काप या आर आणि आय यांच्या मध्ये बसतो. अकराव्या ओळीतलं १७ वं अक्षर, म्हणजे ६१७ वं, एच. तेच धारेवरचं हिस्टिडीन, आणि त्याच्या आगेमागे टी-ए-ए-एच-सी असा ठसा दिसेल. बाराव्या ओळीतलं आठवं अक्षर, ६६८ वं, डी, म्हणजे ॲस्पार्टिक आम्ल. आणि तेराव्या ओळीतलं ४२ वं, म्हणजे ७६२ वं, एस. तेच घाव घालणारं सेरीन, जी-डी-एस-जी-जी-पी या अक्षरांच्या मधोमध बसलेलं.

मग हेच टीएमपीआरएसएस२ मध्ये करा. त्याची लांबी ४९२. काप २५५ आणि २५६ च्या मध्ये, हिस्टिडीन २९६ वर, ॲस्पार्टिक आम्ल ३४५ वर, सेरीन ४४१ वर. आता वजाबाकी करा. दोन्हीकडे कापाच्या जागेपासून हिस्टिडीन ४१ घरं पुढे आहे आणि हिस्टिडीनपासून सेरीन १४५ घरं पुढे. एक यकृतात लोहाचा कारभार बघतं, दुसरं फुप्फुसात आणि प्रोस्टेटमध्ये असतं, पण पातं एकाच घडणीचं. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली होती. मात्र १४५ हा नियम समजू नका. हेप्सिनमध्ये हिस्टिडीन २०३ वर आणि सेरीन ३५३ वर, म्हणजे १५० चं अंतर आहे. ठसाही थोडाफार बदलतो: कोरिनमध्ये आय-व्ही-जी-जी ऐवजी आय-एल-जी-जी येतं, तर एन्टेरोपेप्टिडेजमध्ये कापाआधी आर ऐवजी के, म्हणजे लायसिन.

मोबाइलच्या सर्चनं ठसा शोधला आणि सापडला नाही, तर घाबरू नका. ठसा दोन ओळींत तुटला असेल, तर ब्राउझरला तो दिसत नाही. पट्टी ठेवून बोटानं मोजा.

त्याच नोंदीत पटलातून जाणारा तुकडा आणि बाहेरच्या देठावरचे भाग दिलेले असतात. टीएमपीआरएसएस६ मध्ये एक एसईए, दोन सीयूबी आणि तीन एलडीएल-ग्राही प्रकारचे भाग आहेत. त्यांची आडवी पट्टी वहीत प्रमाणात काढा, ५० अमिनो आम्लांना एक सेंटिमीटर. अल्फाफोल्डवर याच क्रमांकानं त्रिमितीतली घडी दिसते, पण तो संगणकाचा अंदाज आहे हे चित्राखाली लिहायला विसरू नका.

पायरी ३: निरोप कुठे आहे

इथून ऊतींचं काम सुरू होतं. दोन ठिकाणं उघडायची: ह्युमन प्रोटीन ॲटलस आणि जीटेक्स. पहिला स्वीडनमधला, २००३ पासून चालू असलेला प्रकल्प. दुसरा अमेरिकेतला, मृत्यूनंतर दान मिळालेल्या ऊतींवर उभा.

दोन्हीकडे उभ्या काड्यांचा आलेख दिसतो. काडीची उंची टीपीएम नावाच्या मापात असते. त्याचा अर्थ साधा आहे. बाजार समितीत आलेल्या दर दहा लाख पोत्यांमागे आपल्या गावची पोती किती, तसं त्या ऊतीतल्या दर दहा लाख निरोपांमागे आपल्या जनुकाचे किती. ॲटलसमध्ये याचंच थोडं सुधारलेलं एनटीपीएम असतं. दोन्ही मापं सारखी नाहीत, म्हणून एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी थेट भिडवू नका. आधी प्रत्येक ठिकाणी ऊतींचा क्रम लावा आणि मग क्रमांची तुलना करा.

टीएमपीआरएसएस६ टाकलं की यकृताची काडी उंच दिसते, बाकीच्या बुटक्या. ॲटलस अशा जनुकाला “एका ऊतीत समृद्ध” म्हणतो, तेही ठरलेल्या कसोटीवर: सर्वांत वरच्या ऊतीतला आकडा दुसऱ्या कुठल्याही ऊतीच्या किमान चौपट हवा.

आता सापळे. हे वाचल्याशिवाय आकडे उतरवू नका.

एन्टेरोपेप्टिडेज हे आतड्याचं एन्झाइम म्हणून सगळ्यांना पाठ असतं. जीटेक्समध्ये “लहान आतडं” ही काडी बघून एका मुलीनं लिहिलं की हे जनुक आतड्यात जवळजवळ नाहीच. चूक तिची नव्हती. जीटेक्समधलं लहान आतडं म्हणजे आतड्याचं शेवटचं टोक, टर्मिनल इलियम. एन्टेरोपेप्टिडेज काम करतं ते सुरुवातीच्या ड्युओडेनममध्ये, जिथे स्वादुपिंडातून आलेल्या ट्रिप्सिनोजेनला कापून ट्रिप्सिन करायचं असतं. ॲटलसमध्ये ड्युओडेनम वेगळं मोजलेलं आहे, तिथे काडी उंच उठते. ऊतीचं नाव वाचून थांबायचं नाही, तुकडा नेमका कुठून घेतला ते बघायचं.

दुसरा सापळा त्याहून खोल आहे. टीएमपीआरएसएस३ मध्ये बिघाड असलेल्या मुलांना बहिरेपण येतं, हे २००१ मध्ये कळलं. त्याचं महत्त्वाचं काम अंतर्कर्णात चालतं. पण जिवंत माणसाच्या अंतर्कर्णाचा तुकडा कोण देणार? या आलेखांत ती काडीच नाही. तसंच गर्भारपणाचं. कोरिन हृदयात असतं, पण गरोदर गर्भाशयातही त्याचं मोठं काम आहे. जीटेक्समध्ये गरोदर गर्भाशय नाही, वारही नाही. ज्या ऊतीला काडी नाही तिच्यासमोर वहीत शून्य लिहू नका, “मोजलेलं नाही” असं लिहा. या दोन शब्दांवर मी गुण देते.

जीटेक्सचे बहुतेक दाते गोरे अमेरिकन होते. आपल्या कोलाम किंवा गोंड माणसांच्या ऊती त्यात नाहीत. जनुक कुठल्या ऊतीत चालतं हे माणसामाणसात सहसा बदलत नाही, पण किती चालतं ते बदलू शकतं. अहवालात हे एका ओळीत नोंदवा.

पायरी ४: ऊतीतून पेशीपर्यंत

ऊतीचा तुकडा म्हणजे मिसळ. यकृताच्या तुकड्यात यकृताच्या मुख्य पेशी असतात, रक्तवाहिन्यांच्या असतात, जंतू गिळणाऱ्या कुप्फर पेशीही असतात. ॲटलसमध्ये एकपेशीय विभाग वेगळा आहे, तिथे निरोप कुठल्या पेशीप्रकारात आहे ते दिसतं. टीएमपीआरएसएस६ तिथे यकृताच्या मुख्य पेशींमध्ये, म्हणजे हेपॅटोसाइटमध्ये, शोधा.

पायरी ५: प्रथिन खरंच आहे का

ॲटलसच्या ऊती विभागात सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो आहेत. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन. जिथे तो चिकटला तिथे तपकिरी रंग, पेशीकेंद्रकं निळी. फोटो मोठा करून तपकिरी कडा बघा. पटलावरचं प्रथिन असेल तर रंग पेशीच्या काठाला दिसायला हवा. पेशीभर पसरलेला तपकिरी रंग बघून हुरळून जाऊ नका. प्रतिपिंड दुसऱ्याच एखाद्या प्रथिनालाही चिकटू शकतो, आणि या कुटुंबातली पाती इतकी सारखी आहेत की तसं होणं सहज शक्य आहे. म्हणून फोटोआधी विश्वासार्हतेचा शेरा वाचा. चार दर्जे असतात, सर्वांत वरचा पक्का पुरावा आणि सर्वांत खालचा अनिश्चित. अनिश्चित शेरा असेल तर तो फोटो अहवालात घेऊ नका.

निरोप आणि प्रथिन जुळले नाहीत तर? ते दडवू नका. ही प्रथिनं पटलावरून कापली जाऊन रक्तात सुटतात, हे अनेकांच्या बाबतीत माहीत आहे. मग प्रथिन जिथे बनलं तिथे कमी आणि दुसरीकडे सापडतं.

पायरी ६: कापतं का, आणि कोणाला

इथे आलेख संपतात आणि वाचन सुरू होतं. पबमेड या संशोधन-लेखांच्या सूचीवर जनुकाचं नाव आणि सोबत सबस्ट्रेट (ज्याला कापतं ते), इन्हिबिटर (आवर घालणारं), नॉकआउट (जनुक बंद केलेला प्राणी) हे शब्द इंग्रजीत एकेक करून टाका. मोफत पूर्ण लेख मिळणारेच निवडा. आधी आढावा लेख घ्या, मग त्यात उल्लेख असलेला मूळ प्रयोग.

टीएमपीआरएसएस६ ची गोष्ट मुलांना मी अशी सांगते. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारं एक दार असतं, फेरोपोर्टिन. हेप्सिडिन वाढलं की ते दार बंद होतं. हेप्सिडिन बनवण्याचा हुकूम यकृताच्या पेशीवर हिमोज्युव्हेलिन नावाच्या प्रथिनाच्या मदतीनं पोहोचतो. टीएमपीआरएसएस६ चा अडकित्ता त्याच हिमोज्युव्हेलिनला कापतो. म्हणजे हुकूम मंदावतो, हेप्सिडिन उतरतं, दार उघडतं, लोह आत येतं. अडकित्ता बोथट असेल तर दार बंदच, गोळ्या कितीही घ्या.

हे कळलं २००८ मध्ये, आणि तेही एका उंदरामुळे. रसायनानं जनुकांत बदल घडवलेल्या उंदरांमध्ये एका घराण्याचे अंगावरचे केस गेले, चेहऱ्यावरचे राहिले. मुखवटा घातल्यासारखे दिसायचे म्हणून त्यांना “मास्क” नाव पडलं. त्यांना लोहाची कमतरता होती, आणि लोह भरपूर दिल्यावर केस परत आले. दोष टीएमपीआरएसएस६ मध्ये निघाला. त्याच वर्षी माणसांतही तसाच आजार याच जनुकापर्यंत पोहोचला: तोंडावाटे दिलेल्या लोहाला दाद न देणारा रक्तक्षय, इंग्रजी आद्याक्षरांनी इरिडा. आईवडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच तो होतो. शिरेतून दिलेल्या लोहालाही तो अर्धवटच प्रतिसाद देतो.

अडकित्त्याला आवर घालणारेही शोधा. मॅट्रिप्टेजला एचएआय-१ नावाचं प्रथिन जखडून ठेवतं. ऊतीत एन्झाइम आणि त्याला जखडणारं दोन्ही असतील, तर निरोपाच्या उंच काडीवरून कामाचा अंदाज बांधता येत नाही. अडकित्ता उघडा असला तरी तिथे काप बसतच असेल असं नाही.

कोविडच्या काळात टीएमपीआरएसएस२ चं नाव गाजलं. विषाणूचा काटा हे एन्झाइम कापतं आणि विषाणूला पेशीत शिरायला वाट मिळते. २०२० मध्ये पेशींवरच्या प्रयोगांत कॅमोस्टॅट या औषधानं ते अडलं होतं. पुढे रुग्णांवरच्या चाचण्यांत मात्र ठोस फायदा दिसला नाही. थाळीतल्या पेशी आणि आजारी माणूस यांतलं अंतर शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. याच जनुकाचा दुसरा अध्याय २००५ चा आहे: प्रोस्टेटच्या कर्करोगात त्याचा सुरुवातीचा तुकडा ईआरजी नावाच्या जनुकाला जोडला गेलेला सापडला. टीएमपीआरएसएस२ पुरुष संप्रेरकाच्या हुकमावर चालतं, मग त्याला चिकटलेलं ईआरजीही त्याच हुकमावर चालू लागतं.

पायरी ७: माणसातले बदल वाचताना आकड्यांची गफलत

क्लिनव्हारवर जनुकातले बदल आणि त्यांचा आजाराशी असलेला संबंध नोंदवलेला असतो. टीएमपीआरएसएस६ मध्ये एक बदल फार लोकांत आढळतो, त्याचा नोंदणी क्रमांक आरएस८५५७९१. त्यात ॲलॅनीनच्या जागी व्हॅलीन असू शकतं, आणि व्हॅलीनची प्रत असणाऱ्यांमध्ये लोह आणि हिमोग्लोबिन सरासरीनं थोडं कमी दिसतं. हा आजार नाही, माणसामाणसातला नेहमीचा फरक आहे.

बहुतेक लेखांत या जागेचा क्रमांक ७३६ असतो. अलीकडच्या नोंदींत मात्र तीच जागा ७२७ म्हणून येते. कारण आता प्रमाण धरलेल्या निरोपापासून बनणारी साखळी ८०२ अमिनो आम्लांची आहे, ८११ ची नाही. नऊ घरांचा फरक. कुठलाही क्रमांक उतरवताना तो कुठल्या लांबीच्या साखळीवरचा आहे ते शेजारी लिहा, नाहीतर दुसऱ्या पायरीत केलेली सगळी मोजणी इथे विसकटते.

पायरी ८: आपल्या गावात या माहितीचं काय करायचं

इथे मला जरा ठामपणे बोलायचं आहे. इरिडा हा दुर्मीळ आजार आहे. गावातल्या कुठल्याही बाईला तुमच्या वहीच्या आधारे “तुझं जनुक बिघडलं” असं सांगू नका. गोळ्या थांबवायला तर मुळीच सांगू नका.

आपल्याकडे रक्त कमी असण्याची कारणं बहुतेक वेळा दुसरीच असतात. पाळीत जास्त जाणारं रक्त, पोटातले जंत, लागोपाठची बाळंतपणं, जेवणात लोहच कमी. गोळी चहासोबत घेतली तर चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं. आणि विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे, सिकलसेल आणि थॅलेसेमिया तपासल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्यातही रक्त कमी असतं, आणि लोहाची गोळी हा त्यावरचा इलाज नाही. ही सगळी कारणं बाजूला पडली, गोळ्या नीट घेऊनही फरक नाही, लहानपणापासून रक्तपेशी लहान आणि फिकट आहेत, घरात भावंडालाही तसंच आहे, तरच तज्ज्ञ या जनुकाकडे वळतात.

पहिल्या परिच्छेदातल्या मुलीच्या आईचं असंच निघालं. पाळीत रक्त फार जायचं, आणि गोळी पहाटे वावरात जायच्या आधी चहासोबत घेतली जायची. डॉक्टरांनी पहिल्यावर उपचार केले, दुसरं त्या मुलीनंच बदललं. ती आता रात्री जेवणानंतर दोन तासांनी गोळी हातात देऊन पाण्याचा गडवा पुढे करते. चार महिन्यांत रक्त दहाच्या वर गेलं. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत तिनं हे स्वतःहून सांगितलं आणि पुढे म्हणाली, “माह्या जनुकाचा याच्यात हात नव्हता, पण दार कुठं असते ते मले त्याच्यामुळंच समजलं.”

कोणाला खरोखर रक्ताचे नमुने घेऊन काम करायचं असेल, तर ते कॉलेजच्या पातळीवर करायचं नाही. सेवाग्राम किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मार्गदर्शकाबरोबर, तिथल्या एथिक्स कमिटीची लेखी परवानगी आणि प्रत्येक माणसाची त्याच्या भाषेत घेतलेली संमती असेल तरच. मैत्रिणीचं रक्त “जरा बघू” म्हणून काढणं हा गुन्हा समजा.

पायरी ९: अहवाल

प्रत्येक आकड्यासमोर ठिकाण, आवृत्ती आणि उतरवल्याची तारीख हवी. ही ठिकाणं दर काही महिन्यांनी आकडे बदलतात. वर्षाच्या सुरुवातीचा आकडा परीक्षेला जुळत नाही आणि मुलं घाबरतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा, नेट गेलं तरी काम अडत नाही. आमच्याकडे रात्री दहानंतर नेट बरं चालतं, म्हणून जड पानं तेव्हा उघडायची आणि मोजणी दिवसा वहीत करायची, असं आम्ही ठरवून टाकलं आहे.

तक्ता मोठा करू नका. आठ-दहा ऊती पुरतात: जिथे काडी सर्वांत उंच आहे त्या तीन, जिथे प्रथिनाचं काम सिद्ध झालंय त्या, आणि मोजलेल्या नाहीत पण महत्त्वाच्या आहेत त्या. सुरुवातीला आखलेले तीन रकाने, निरोप, प्रथिन आणि काम, प्रत्येक ओळीत भरा. रिकामा रकाना रिकामाच ठेवा. आमच्या सर्वांत चांगल्या अहवालात कामाच्या रकान्यात फक्त दोनच ऊती भरलेल्या होत्या.

पहिल्यांदा करणाऱ्यानं टीएमपीआरएसएस१५ घ्यावं असं माझं मत आहे. ट्रिप्सिनोजेनला कापण्याचं त्याचं काम बारावीच्या पुस्तकापासून ओळखीचं असतं, त्यामुळे तिसरा रकाना भरणं सोपं जातं, आणि जीटेक्स व ॲटलस यांच्यातला विरोध पहिल्याच दिवशी समोर येतो. त्या दिवशी दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट शेजारीशेजारी चिकटवा आणि त्याखाली अर्ध्या पानात लिहून काढा की एकीकडे काडी उंच आणि दुसरीकडे बुटकी का आहे. घरात कोणी बारावी झालेलं असेल तर त्याला ते वाचायला द्या. त्याला कळलं तर पुढच्या पायरीवर जा, नाहीतर पुन्हा लिहा.